बरणीतल्या बर्फाविषयी

गेल्या नाताळानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळचे मिस्साबलिदान आटोपून आम्ही बाहेर पडत होतो, तोच धर्मग्रामातील काही जाणत्या मंडळींनी आमच्या हाती एक निवेदन ठेवले. भाषा शुद्ध होती, समास नीट सोडलेला होता आणि खाली तेवीस सह्या होत्या. धर्मशिक्षण वर्गातील मुलांकडून आगमनकाळाच्या चार शनिवारी 'बर्फाच्या बरण्या' करून घेण्याचा जो उपक्रम आम्ही तीन वर्षांपूर्वी सुरू केला, तो बंद करण्यात यावा, अशी त्यात मागणी होती. सही करणाऱ्यांपैकी बहुतेक आमचे स्नेही आहेत. काहींची लग्ने आम्ही लावली आहेत, काहींच्या आईवडिलांना आम्ही मूठमाती दिली आहे. त्यांना तोंडी उत्तर देऊन भागले असते. परंतु निवेदनाच्या प्रती शेजारच्या दोन धर्मग्रामांतही फिरल्याचे नंतर कानी आले. तेव्हा उत्तरही चार लोकांच्या डोळ्यांसमोर असावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात जिला स्नो ग्लोब म्हणतात ती काचेची पाणीभरली गोल कुपी. आत एखादे चिमुकले घर, मंदिर किंवा झाड. कुपी उलटी करून पुन्हा सरळ धरली की तळाशी बसलेली पांढरी भुकटी वर उसळते आणि हळूहळू खाली येते. हिमवर्षावाचा भास होतो. आमची मुले गोल कुपीऐवजी जॅमची किंवा लोणच्याची रिकामी बरणी घेतात आणि झाकणाला आतून देखावा चिकटवून बरणी उपडी ठेवतात. एवढाच हा उद्योग आहे. त्यावर तेवीस सह्यांचे निवेदन निघावे याचे आम्हांला प्रथम हसू आले, मग वाईट वाटले आणि निवेदन तिसऱ्यांदा वाचल्यावर थोडा रागही आला, हे लपवीत नाही.

राग येण्याचे कारण असे. निवेदनाचा पहिला परिच्छेद म्हणतो की, बर्फ ही पाश्चात्त्य वस्तू आहे, वसईत ती कधी पडली नाही, पडणार नाही. मुलांच्या मनावर परकीय नाताळ ठसविण्याचे हे काम एका धर्मगुरूने करावे हे खेदजनक आहे. तिसरा परिच्छेद म्हणतो की, मुलांच्या बरण्या ओबडधोबड होतात, गळतात, पाहुण्यांपुढे ठेवण्याजोग्या नसतात. त्यापेक्षा दीड-दोनशे रुपयांत उत्तम तयार ग्लोब मिळतात, ते घाऊक आणून मुलांना बक्षीस म्हणून वाटावेत. आता सुज्ञ वाचकांनीच सांगावे, मुलांच्या हातचा बर्फ परकीय आणि दुकानातला बर्फ स्वदेशी, हा निवाडा कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकविणाऱ्या वृद्ध जेजुइट गुरुजींनी हा कागद पाहिला असता तर तांबड्या शाईने एकच रेघ ओढून परत केला असता. परंतु ज्याअर्थी दोन्ही परिच्छेदांखाली त्याच सह्या आहेत त्याअर्थी खरा आक्षेप बर्फाला नाही, हातांना आहे, अशी आमची समजूत झाली आहे. ती चुकीची असेल तर आम्हांला तसे सांगावे.

तरीही परकीयतेचा मुद्दा निघालाच आहे, तर या वस्तूचा जन्म कुठे झाला ते पाहू. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलात पांढरी भुकटी उडवून दाखविणारी खेळणी पॅरिसच्या १८७८ सालच्या जागतिक प्रदर्शनात होती. आत छत्री घेतलेला माणूस होता, एवढे नोंदले गेले आहे. पण आज आपण ओळखतो ती हिमकुपी जगभर नेली ती ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना नगरीतील एर्विन पेर्झी या कारागिराने. हा गृहस्थ शस्त्रक्रियेची उपकरणे करणारा मेकॅनिक. त्या काळच्या विजेच्या दिव्यांचा उजेड शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुरत नसे, म्हणून तो वाढविण्याच्या खटपटीत १९००च्या सुमारास तो होता. चांभार लोक त्या काळी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल टांगून उजेड एका जागी आणीत आणि रात्री टाके घालीत. पेर्झीने तोच गोल घेतला. आत काही चमकदार टाकले तर उजेड आणखी पसरेल म्हणून निरनिराळ्या भुकट्या घालून पाहिल्या. त्या झटकन तळाला गेल्या. शेवटी त्याने स्वयंपाकघरातला रवा टाकला. रवा भिजला आणि सावकाश तरंगत खाली आला. दिवा काही उजळला नाही, पण पेर्झीला त्यात बर्फ दिसला.

मग त्या बर्फाखाली त्याने काय ठेवले? सांताक्लॉज नव्हे, हरणांची गाडी नव्हे. त्याने ठेवले मारियात्सेलचे देऊळ. मारियात्सेल हे स्टायरिया प्रांतातील डोंगराळ तीर्थक्षेत्र. ११५७ सालापासूनची परंपरा ते सांगते. पवित्र मरियेची बाळासह असलेली लहानशी लाकडी मूर्ती तेथे आहे आणि ऑस्ट्रिया, हंगेरी व आसपासच्या प्रदेशांतून यात्रेकरू तेथे चालत जात आले आहेत. आपले लोक जसे माउंट मेरीच्या जत्रेहून मेणाच्या वस्तू आणि हार घेऊन परततात, तसे ते यात्रेकरू आठवणीदाखल काहीतरी घरी नेत. पहिली हिमकुपी ही अशी यात्रेची खूण होती. झाडे, हिममानव आणि सांता तिच्यात शिरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेच्या बाजारासाठी, पेर्झीच्या मुलाच्या हातून. व्हिएन्नाच्या हेर्नाल्स भागात त्या घराण्याची कार्यशाळा आजही आहे. म्हणजे निवेदनकर्ते जिला बाजाराची कन्या समजून दाराबाहेर काढू पाहतात, ती मुळात देवळाच्या पायरीवर जन्मलेली आहे. बाजाराने तिला नंतर दत्तक घेतले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारियात्सेलला हिवाळ्यात खरोखरच बर्फ पडतो. पेर्झीने आपल्या देवळावर आपल्याच आभाळातून जे पडते ते पाडले. नक्कल त्याने केली नाही. ती आपण करतो. येथे निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात तथ्यांश आहे, हे कबूल केले पाहिजे. डिसेंबरच्या उन्हात घाम पुसत आम्ही स्वतः नाताळगोठ्याच्या छपरावर कापूस पसरला आहे. शेजारी केळीचे घड लोंबत आणि वर कापसाचा बर्फ! ते करताना आम्हांला काही वाटले नाही आणि तेव्हा कोणी निवेदनही दिले नाही. बेथलेहेमला बर्फ पडतच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ते गाव उंचावर वसले आहे आणि डिसेंबर २०१३च्या वादळात जेरुसलेमसह तेथेही चांगला बर्फ पडला होता. असो. बेथलेहेमच्या हवामानावर आपला नाताळ अवलंबून नाही.

परकीय म्हणून जे जे टाकायचे त्याची यादी करू लागलो तर हाती काय उरेल? नाताळगोठा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ साली जो देखावा उभारला त्यातून पसरली. तेथील बैल आणि गाढव त्या गावचे होते. पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चोत १ डिसेंबर २०१९ रोजी गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठ्यात लोहार, पाववाला, पाणी भरणाऱ्या बायका अशी आपल्या रोजच्या जगण्यातली माणसे उभी करण्याच्या प्रथेचे त्यांनी त्यात मनापासून स्वागत केले आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडच्या थंड प्रदेशातून १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येशूचे चरित्र मराठी ओवीत ओतले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून निघाले. आशय आला सातासमुद्रांपलीकडून, भांडे मिळाले या मातीतले. उलट वाटेनेही वस्तू जातात. १७३९च्या मोहिमेत वसईतून गेलेली घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे आणि गोदाकाठच्या माणसाला ती परकी वाटत नाही. एखादी वस्तू कोठून आली हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. आल्यावर आपण तिच्यात काय घातले, हे पाहावे.

आमच्या मुलांनी काय घातले ते पाहण्यास निवेदनकर्त्यांपैकी किती जण शाळेच्या व्हरांड्यात आले होते? आमच्या स्मरणात दोन. म्हणून तेथे काय चालते ते थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

पहिल्या शनिवारी बरण्या येतात. त्या गरम पाण्याने धुवायच्या. लोणच्याच्या बरणीचा वास आणि तेलकटपणा जाता जात नाही, तिला दोनदा सोड्याने घासावे लागते. झाकण घट्ट बसते का, आतले रबर शाबूत आहे का, हे पाहायचे. दुसऱ्या शनिवारी देखावा. येथे मुलांची खरी परीक्षा असते, कारण पाण्यात जे टिकेल तेच ठेवता येते आणि पाणी कोणाची भीड धरीत नाही. पहिल्या वर्षी आम्हांलाच हे ठाऊक नव्हते. पाचवीतल्या एका मुलाने शाडूच्या मातीचा फार सुरेख बाळ येशू केला, वाळवला, रंगवला आणि बरणीत सोडला. सकाळी येऊन पाहतो तो गव्हाणीत गढूळ पाणी आणि तळाशी चिखल! मुलगा रडला नाही. बराच वेळ बरणीकडे पाहून त्याने आम्हांला विचारले, "फादर, कच्ची माती होती म्हणून ना?" पुढच्या वर्षी त्याने कुंभाराकडून भाजून आणलेला बाळ येशू आणला. कोळीवाड्यातल्या एकाने लाकडाची होडी कोरून आणली. ती डिंकाला न जुमानता झाकण सोडून वर गेली आणि बरणीच्या बुडाशी उलटी तरंगू लागली. त्याने तिच्या पोटात शिशाची गोळी बसविली, तेव्हा कुठे ती जागेवर राहिली. जाळ्याची शिसे त्याच्या घरात होतीच. लोखंडी खिळा गंजतो, पितळ टिकते, कागद विरघळतो, शिंपले उत्तम. हे सारे आम्ही फळ्यावर लिहून दिले असते तर त्यांनी वहीत उतरवून घेतले असते आणि विसरून गेले असते.

तिसरा शनिवार पाण्याचा. आमच्याकडचे पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ, त्याचे डाग काचेवर बसतात. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणायचे, नाहीतर पाणी उकळून, गाळून, गार करून घ्यायचे. त्यात औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन काही चमचे. ग्लिसरीन पाण्याहून सुमारे सव्वापट जड आणि दाट असते. त्यामुळे भुकटी हळू उतरते. जास्त झाले तर ती तळाशी चिकटून बसते, कमी झाले तर धपकन पडते. किती चमचे हे आम्ही सांगत नाही. मुले एकेक चमचा घालतात, बरणी उलटी करतात आणि भुकटी तळाला जाईपर्यंत मोठ्याने आकडे मोजतात. त्या शनिवारी व्हरांड्यात जो कलकलाट असतो त्याची तक्रारही निवेदनात आहे. ती मात्र आम्हांला मान्य आहे.

चौथ्या शनिवारी झाकण लावायचे. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून बरणी बादलीतल्या पाण्यात बुडवून तेथेच झाकण फिरवायचे. ही युक्ती आमची नव्हे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील जोसेफ गराजा यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस कुपी पाण्याखालीच भरून बंद करण्याचे पेटंट घेतले आणि त्यामुळे ही महाग वस्तू स्वस्त झाली. मग झाकणाच्या कडेला बाहेरून अॅरल्डाइट लावून बरणी रात्रभर ठेवायची. तयार बरणी खिडकीत उन्हात ठेवू नये, हेही बजावतो. पाण्याने भरलेला गोल म्हणजे भिंगच. चांभाराला उपयोगी पडणारा तोच गुण पडद्याला आग लावू शकतो.

आता 'ओबडधोबड' या शब्दाकडे येतो. होय, बरण्या ओबडधोबड होतात. आमच्या तरुणपणी नाताळगोठाही ओबडधोबड होई. भाताचा पेंढा कोणाच्या तरी खळ्यावरून येई, बांबू कोणाच्या बेटातून, गोठ्यापुढचे गवत ताटल्यांत आठवडाभर आधी पेरलेले असे आणि रात्री जागून, चहा पिऊन, भांडून तो उभा राही. आज किती ठिकाणी गोठा डेकोरेटरला दिला जातो? महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा काही ठिकाणी डेकोरेटरने फोम आणला. गोठा करणाऱ्या माणसांचे हात परत आणण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. नाताळचा फराळ डब्यातून येतो, कंदील दुकानातून येतो, गीतेही मोबाइलमधून वाजतात. ज्यांना वेळ नाही, ज्यांच्या घरात दोघेही चर्चगेटची लोकल पकडतात, त्यांना आम्ही दोष देत नाही; विरारहून निघणाऱ्या गाडीत उभे राहून पाहिलेले आम्हीही आहोत. पण मुलांना डिसेंबरातले चार शनिवार आहेत आणि तेही तयार वस्तूच्या बदल्यात काढून घ्यावेत, हे आम्हांला पटत नाही. शनिवारी शिकवणी बुडते असे निवेदनाचा दुसरा परिच्छेद म्हणतो. बुडते. दुपारी तीन ते पाच एवढी बुडते.

एवढे बोलल्यावर आता आम्हांला स्वतःविषयी बोलले पाहिजे, कारण हातांचा खरा अपमान निवेदनकर्त्यांनी केलेला नाही. तो गेल्या वर्षी आम्ही केला आणि त्या कागदावर एकच सही होती.

गेल्या वर्षी आम्ही बरण्यांना बक्षिसे ठेवली. कल्पना आमचीच. तीन परीक्षक, आम्ही अध्यक्ष. सातवीतल्या एका मुलीची बरणी समोर आली. तिच्यात गोठा नव्हता, तारा नव्हता, मेंढपाळ नव्हते. एक विहीर होती, दगडी काठाची, बांगडीएवढी. शेजारी तारेचे वाकवून केलेले झाड. झाकणावर कागद चिकटवला होता: 'आमची वाडी, डिसेंबर'. वर पडत होते ते काय, असे एका परीक्षकाने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बर्फ नाही सर, शेवग्याची फुले." भुकटी अंड्याच्या टरफलांची होती, बारीक कुटलेली, आणि ती खरोखरच शेवग्याच्या फुलांसारखी उतरत होती. पण पाणी इतरांसारखे नितळ नव्हते. परीक्षकांनी दोन शेरे लिहिले. एक: विषय सोडून. दुसरा: पाणी अस्वच्छ, सूचना पाळलेली नाही. आम्ही दोन्ही शेरे वाचले आणि खाली सही केली. बक्षीस एका फार नीटनेटक्या बरणीला गेले. तिच्यातला गोठा बाजारातून आणलेला होता, हे आम्हांला नंतर कळले.

फेब्रुवारीत त्या मुलीच्या आजीला रुग्णाभ्यंग द्यायला आम्ही गेलो. कुटुंब आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. वाडीचा व्यवहार आदल्या पावसाळ्यातच झाला होता. बरणी आजीच्या उशाशी होती. पाणी हिरवे झाले होते, विहीर जेमतेम दिसत होती. आम्ही सहज म्हणालो, पाणी बदलून घ्यायला हवे. आजीने मान हलवली. "ते आमच्या बावेचे पाणी आहे, फादर. ट्रक यायच्या आदल्या दिवशी पोरीने बाटली भरून ठेवली होती." विहीर भरावाने बुजवली, त्याच्या आदल्या दिवशी.

आम्ही त्या दोन खोल्यांत बराच वेळ बसलो. हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्यांची पिढी आमच्या डोळ्यांसमोरची आहे. विहिरी आणि बावखले वाचवा म्हणून आम्ही वेदीवरून किती वेळा बोललो असू. आणि विहिरीचे शेवटचे पाणी आमच्या पुढ्यात आले तेव्हा आम्ही त्याला अस्वच्छ ठरवून सही केली. ख्रिस्तजयंती त्या बरणीत कुठे होती, असे आता कोणी आम्हांला विचारले तर ईश्वरविद्येच्या पुस्तकातून उत्तर देण्याची आमची तयारी नाही. पेर्झीने आपल्या आभाळातून पडणारे आपल्या देवळावर पाडले होते. त्या मुलीनेही तेच केले होते आणि तिला कोणी पेर्झीची गोष्ट सांगितली नव्हती.

निवेदनात नसलेला एक आक्षेप आमच्यावर घेता आला असता. तो कोणी घेतला नाही म्हणून आम्हीच घेतो. पहिली दोन वर्षे आमची मुले बर्फ म्हणून चमकी वापरीत. ही चमकी म्हणजे प्लास्टिकची अतिपातळ फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर, आणि तिचे बारीक बारीक तुकडे. बरणी फुटली, गळली किंवा कंटाळा आला की ते पाणी मोरीत जाते, मोरीतून गटारात, गटारातून बावखलात किंवा खाडीत. त्या चमकीचे पुढे काही होत नाही; ती कुजत नाही, माशांच्या पोटात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते उगीच नाही. दोन वर्षांत आमच्या व्हरांड्यातून शेदीडशे बरण्या गेल्या असतील. म्हणजे बावखलांत राडारोडा टाकणाऱ्या बिल्डरला वेदीवरून बोल लावणाऱ्या आम्हीच मुलांच्या हाती चमकीची पुडी ठेवली होती. निवेदनकर्त्यांनी हे लिहिले असते तर आम्ही त्यांच्या कागदावर चोविसावी सही केली असती. आणि ते ज्या तयार ग्लोबांची शिफारस करतात त्यांच्यात दुसरे काय असते?

टरफलांची युक्ती आम्ही त्या मुलीकडून उचलली आहे. नाताळात घरोघर केक होतात, निदान जेथे अजून होतात तेथे, आणि अंड्यांची टरफले टोपलीभर फेकली जातात. ती उकळावीत, आतला पापुद्रा ओल्या बोटाने सोलून काढावा, नाहीतर पाणी नासते. उन्हात खडखडीत वाळवावीत, खलबत्त्यात कुटावीत आणि मलमलीतून चाळून अगदी बारीक पूड टाकून द्यावी, कारण तीच पाणी पांढुरके करते. जाडसर जे उरते ते उत्तम. पेर्झीचा रवा आमच्या हवेत चालत नाही. चार दिवसांत आंबतो. आम्ही करून पाहिला आहे.

निवेदनाला आमचे उत्तर म्हणून या वर्षीची व्यवस्था येथे लिहून ठेवतो. आगमनकाळाच्या चारही शनिवारी उपक्रम होईल, दुपारी तीन ते पाच. बक्षिसे नाहीत, परीक्षक नाहीत. बरणीत काय ठेवावे आणि वरून काय पाडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणाला बर्फच पाडायचा असेल तर त्याला हरकत नाही. पाऊस, मोहर, भाताचे तूस, जे सुचेल ते. चमकी आणल्यास परत पाठविली जाईल. बॅटरीचे पाणी आम्ही आणून ठेवू, पण ज्याला आपल्या विहिरीचे किंवा बावखलाचे पाणी आणावेसे वाटेल त्याने बाटलीवर वाडीचे नाव लिहून आणावे. ते हिरवे होईल, हे त्याला आधी सांगण्यात येईल.

टरफले पहिल्या शनिवारपासून धर्मग्राम कार्यालयात घेतली जातील. कृपया धुऊन द्यावीत, गेल्या वर्षी मुंग्या झाल्या होत्या. चौथ्या शनिवारी मोठ्या माणसांची गरज लागते, कारण अॅरल्डाइट आम्ही मुलांच्या हाती देत नाही आणि बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून झाकण फिरवायला मुलांचे हात पुरत नाहीत. तेवीस सह्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या दिवशी यावे. जुने कपडे घालून यावे.